गुलाबी सांधा

गल्लीतले सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. दाताचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाची मापं त्याच्याकडे पाठवत आणि तो पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून त्यांच्या कवळ्या बनवी. सारं आयुष्य त्याने दुसऱ्यांच्या दातांत घालवलं. सुट्टीच्या दिवशी मात्र गळाची काठी खांद्यावर टाकून नदीवर जायचा आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचा. बायको म्हणायची, "मासे तुम्हाला ओळखतात. लांबून बघितलं की एकमेकांना निरोप धाडतात."

त्या सकाळी ती नदीच गल्लीत शिरली होती.

वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आदल्या दिवशी आली होती. उजाडेपर्यंत तळमजला गेला. कवळीवाला, त्याची बायको आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा पैलवान, तिघांनी मिळून कामाच्या खोलीतलं हाताला लागेल ते दुसऱ्या मजल्यावर आणून टाकलं. पैलवान म्हणजे खरा पैलवान नव्हे. व्यायामशाळेत शिकवायचा आणि दंड तसे होते, म्हणून ते नाव पडलं. पाण्याला तो लहानपणापासून घाबरायचा. जिन्यात गुडघाभर पाणी आलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कवळीवाल्याची इमारत तीन मजल्यांची, सिमेंटची. तिला काही होण्यासारखं नव्हतं. जीव टांगणीला लागला होता तो समोरच्या घरात. रस्त्यापलीकडे, जरासं तिरकं, उताराच्या बाजूला त्याच्या लेकीचं सासर होतं. लग्नात सगळ्यांनी थट्टा केली होती, की हिला सासरी जाताना चप्पलसुद्धा घालावी लागायची नाही. घर जुनं, विटांचं, उंच जोत्याचं. खाली दोन खोल्या, वर एक, तिच्यापुढे गॅलरी आणि डोक्यावर पत्रे. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता आणि कुठे अडकला होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात होत्या दोघीच. लेक आणि तिची सासू.

आदल्या संध्याकाळी कवळीवाला स्वतः जाऊन दारात उभा राहिला होता. "विहीणबाई, चला आमच्याकडे. एक रात्र काढा."

विहीणबाईंनी गुडघे चोळत मान हलवली होती. "इतकी वर्षं काढली इथे. पाणी येतं, पायरीला शिवतं, जातं. माझ्याच्याने तुमचे जिने चढवणार नाहीत."

"छकू, तू तरी चल."

"ह्यांना एकटं टाकून?" लेक म्हणाली होती. तिचं नाव वेगळं होतं, पण बापाच्या तोंडात छकूच बसलं होतं. त्याने जास्त ताणलं नाही. विहीणबाईंना दुखवायला नको, असं वाटलं.

आता छकू त्या वरच्या खोलीच्या गॅलरीत मांडीभर पाण्यात उभी होती. सासूला तिने आतल्या टेबलावर बसवलं होतं. मागच्या भिंतीला तडा गेला होता. पत्र्यावर चढायला वाट नव्हती आणि असती तरी विहीणबाई चढल्या नसत्या. दोन घरांमध्ये रस्ता नव्हताच. तिथून तांबडं, फेसाळ पाणी धावत होतं आणि त्यातून दारं, पिंपं, कुणाची तरी आख्खी टपरी वाहत चालली होती.

मदतीचे फोन करून झाले होते. आधी लाईन लागत नव्हती, मग लागली तर कुणी उचलत नव्हतं, मग फोनच मेला. रस्त्याच्या तोंडाशी एक बोट दिसली होती. तिच्यातल्या माणसांनी हात हलवले, वळायचा प्रयत्न केला, पण धारेने बोट अशी फिरवली, की ती माणसंच बुडता बुडता वाचली. परत कुणी आलं नाही.

पैलवानाने दोरी फेकून पाहिली. कपडे वाळत घालायच्या दोरीला बत्ता बांधला आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून भिरकावला. गॅलरीचं छत बुटकं होतं, हात मोकळा फिरेना. पहिली दोरी विजेच्या तारांत अडकली ती कायमची. दुसरीचा गुंता सुटलाच नाही, ती अर्ध्यात आखडून बत्त्यासकट पाण्यात गेली. आता सुतळीचा गुंडा, एक बारीक नायलॉनची दोरी आणि एक जाड दोर एवढंच उरलं होतं. ते गमावून चालणार नव्हतं.

"बाबा!" पलीकडून छकूची हाक आली. पाण्याच्या आवाजात तिचे शब्द तुटत होते. "आत विटा पडायला लागल्यात!"

कवळीवाल्याने गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला. डोकं चालेनासं झालं होतं. पोहत जावं, एवढंच मनात येत होतं आणि तसं गेलं तर आपण कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही, हेही दिसत होतं.

"अहो," बायको एकदम म्हणाली, "तुमची ती काठी!"

तो वळून बघतच राहिला.

"काठी हो, मेली गळाची काठी! तिच्यावर दोरा सुटतो ना सुरसुर? लांब जातो ना?"

जात होता. शिसं बांधलं की नदीच्या मध्यापर्यंत जात होता. रिळावरचा दोरा आपोआप सुटायचा, गुंता होत नव्हता. त्या दोऱ्याने सुतळी ओढता आली असती, सुतळीने दोरी आणि दोरीने दोर. जिच्या नावाने बायकोने आयुष्यभर बोटं मोडली ती काठी तिलाच सुचावी, याचं नवल करायलाही त्याला वेळ नव्हता. कपाटामागून त्याने काठी ओढून काढली, दोन तुकडे एकमेकांत बसवले, दोऱ्याच्या टोकाला होतं नव्हतं तेवढं शिसं बांधलं आणि गॅलरीत येऊन सगळा जीव एकवटून काठी मागे घेऊन झटकली.

छताखाली कपड्यांसाठी लोखंडी नळी होती. काठीचा वरचा भाग तिच्यावर आदळला. कडाड् आवाज झाला आणि टोक लोंबायला लागलं.

पैलवानाने तोंड फिरवलं. कवळीवाला हातातल्या काठीकडे पाहत होता. वरचा तुकडा मधोमध मोडला होता, पोकळ काठीचे तंतू झाडूसारखे फिसकारले होते. त्याने तो भाग काढून नुसत्या खालच्या दांड्याने फेकून पाहिलं. शिसं रस्त्याच्या मध्यावरही गेलं नाही. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. काठीला लवच नव्हती, जोर येणार कुठून?

"मी केलं," तो म्हणाला. "मीच घालवलं."

"रडायचं नंतर," बायको म्हणाली. तिचेच डोळे वाहत होते. "जोडा ती. दिवसभर जोडता ना लोकांचे दात? मग ही जोडा!"

त्याने मान वर केली.

कवळीची हिरडी ज्या गुलाबी भुकटीची बनते, तिच्यात तिचं औषध कालवलं की लगदा होतो आणि तो लगदा दगडासारखा कडक होतो. एरवी मोडलेल्या कवळ्या तो तसाच जोडी. भुकटीचे डबे वर आणले होते, ते समोरच होते. औषधाची बाटली मात्र दिसेना. बायकोने टोपल्या उपड्या केल्या, पैलवानाने खोकी झाडली. बाटली खालीच राहिली होती.

कवळीवाला जिना उतरायला लागला. पैलवान त्याच्या मागे आला आणि पाण्याच्या कडेला थांबला. "काका, मी येतो," तो म्हणाला, पण पाय उचलेना.

"तू इथे थांब. मी ओरडलो तर ओढ."

कामाच्या खोलीत छातीभर पाणी होतं. खिडकीतून येणारा उजेड पाण्यावर हलत होता आणि प्लास्टरचे जबडे, लाकडी ठोकळे, चपला सगळं एकमेकांवर आपटत तरंगत होतं. तो भिंतीला धरून सरकला. औषध तो उंच फळीवर ठेवायचा, कारण ते पेट घेतं. हाताने फळी चाचपली तर रिकामी लागली. पुन्हा चाचपली, टोकापर्यंत, आणि कोपऱ्यात जाळ्याजळमटांत बोटांना काच लागली. ती तपकिरी बाटली छातीशी धरून तो परत फिरला.

वर येऊन त्याने काम मांडलं. बायकोने काठी दाबून धरली. त्याने करवतीच्या पात्याने फिसकारलेली टोकं कापून साफ केली. आत घालायला काहीतरी सरळ आणि चिवट हवं होतं. बायकोने न विचारता विणकामाची पोलादी सुई आणून दिली. अर्धा विणलेला स्वेटर तिने तसाच उसवून टाकला होता. सुई त्याने कानशीने खरवडली, लगदा नीट धरावा म्हणून. मग भुकटीत औषध ओतलं. झोंबणारा वास खोलीभर पसरला.

आता घाई करून चालणार नव्हतं. लगदा बोटाला चिकटायचा थांबेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर तो वाहून जातो. तो वाटीत बघत उभा राहिला. पलीकडून छकू ओरडत होती, शब्द कळत नव्हते.

"काय म्हणतेय ती?" त्याने वर न बघता विचारलं.

गॅलरीतून पैलवान म्हणाला, "काही नाही काका. तुम्ही करा."

"काय म्हणतेय?"

"पाणी टेबलावर आलंय."

त्याने सुईला लगदा थापला, दोन्ही तुकडे तिच्यावर चढवून टोकाला टोक भिडवलं, वरून पुन्हा लगदा लावला आणि त्यावर जाड दोरा गुंडाळत गेला, आट्याला आटा लावून. तो गुलाबी सांधा दाताविना हिरडीसारखा दिसत होता. गार हवेत तो वाळायला वेळ लागणार, हे त्याला माहीत होतं. बायकोने पाणी तापवून ठेवलं होतं. त्याने कापड गरम पाण्यात बुडवून सांध्यावर धरलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा धरलं. जास्त तापवलं तर आत बुडबुडे होऊन सांधा ठिसूळ होतो. कमी तापवलं तर कच्चा राहतो. नखाने दाबून बघायचा मोह त्याने दहा वेळा आवरला.

"छकू, थांब गं! झालंच!" बायको गॅलरीतून ओरडत होती. "आम्ही इथेच आहोत!" मग आत येऊन दातओठ खात म्हणायची, "झालं का? अहो, झालं का?"

"नाही."

"कधी होणार?"

"मला विचारू नकोस," तो जोरात ओरडला. एवढ्या वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. तिने दुसरं कापड पिळून त्याच्या हातात दिलं.

शेवटी त्याने नख लावलं. नख उमटलं नाही.

ह्या वेळी त्याने पैलवानाला कंबर धरायला सांगितलं आणि कठड्यावरून अर्धा बाहेर वाकला, छताच्या पलीकडे. खाली पाणी घोंगावत होतं. त्याने काठी हळूच मागे नेली आणि झटकली. सांधा वाकला, पण टिकला. शिसं तारेला लागून खाली पडलं. त्याने दोरा गुंडाळला. दुसऱ्यांदा शिसं छकूच्या पत्र्यावर वाजलं आणि घरंगळून पाण्यात गेलं. तिने धरायला उडी घेतली, तोल गेला, ती पाण्याखाली गेली आणि कठड्याला धरून पुन्हा वर आली. बायकोने किंकाळी फोडली.

"जागची हलू नकोस!" कवळीवाल्याने ओरडून सांगितलं. "झाडू घे हातात!"

तिसऱ्यांदा झटकताना सांध्यातून बारीक चर्र असा आवाज आला. त्याला वाटलं, संपलं. पण दोरा सुटत राहिला, सुटत राहिला, आणि शिसं गॅलरीवरून थेट खोलीच्या दारात गेलं. छकूने झाडूने दोरा ओढून घेतला आणि मनगटाभोवती गुंडाळला.

मग सुतळी गेली, तिच्यामागून नायलॉनची दोरी, तिच्यामागून दोर. छकूने दोर गॅलरीच्या खांबाला बांधला, इकडे पैलवानाने पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या खांबाला ताणून बांधला. हे करायला त्याला पाण्यात उतरावं लागलं. तो डोळे मिटून उतरला, मागोमाग कवळीवाला आणि बायकोही. पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे रिकामे जार, झाकणं घट्ट लावून, चादरीत बांधले; त्यांना लावलेली नायलॉनची दोरी इकडे ठेवली आणि छकूने सुतळीने ते पलीकडे ओढून घेतले. ते काखेत बांधायचे, चादरीचा एक फास दोरात अडकवायचा आणि इकडून नायलॉनच्या दोरीने ओढून घ्यायचं.

"छकू, आता तू ये!" कवळीवाला छातीभर पाण्यातून ओरडला. "आधी तू!"

"आधी ह्या!"

विहीणबाई दाराला धरून उभ्या होत्या. केस सुटलेले, ओठ निळे पडलेले.

"मी सांगतो ते ऐक! भिंत कधीही येईल!"

"बाबा, आधी ह्या!"

"त्यांचं आयुष्य झालंय!" तो ओरडला. "त्यांच्याच हट्टापायी हे झालंय! तू ये!"

शब्द पाण्यावरून सरळ पलीकडे गेले. विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या सुनेला काहीतरी म्हणाल्या आणि हाताने तिला कठड्याकडे ढकलायला लागल्या. छकूने त्यांचे दोन्ही हात धरले आणि बापाकडे वळून, रागाने ओरडली, "ह्यांची बोटं गारठलीत, बाबा! ह्यांना गाठ मारता येत नाही! मी गेले तर ह्यांना बांधणार कोण?"

छकू सासूला बांधत होतीच. एक एक गाठ ओढून बघत होती.

विहीणबाई आल्या. अर्ध्या वाटेवर त्या पाण्याखाली गेल्या, फक्त जार दिसत होते. पैलवानाने आणि कवळीवाल्याने हाताची सालपटं निघेपर्यंत दोरी ओढली. बायकोने केसांना धरून त्यांना कठड्यावरून आत घेतलं. त्या खोकत, ओकत जिन्यावर पडल्या. जार परत गेले. छकूने स्वतःला बांधलं, फास अडकवला आणि पाण्यात उतरली.

ती निम्म्यावर असताना मागची भिंत पडली. आवाज फार मोठा नव्हता, कुणीतरी विटांची गाडी रिकामी करावी तसा. पत्रे खाली बसले, गॅलरी वाकली आणि दोर बांधलेला खांब उखडून पाण्यात गेला. दोर एकदम सैल पडला. छकू दिसेनाशी झाली.

राहिली ती हातातली बारीक दोरी. तिला असा हिसका बसला, की कवळीवाला तोंडावर आपटला आणि दोरी त्याच्या मुठीतून निसटली. पैलवानाने ती धरली. तो कठडा ओलांडून बाहेर गेला, एक हात गजाला, एक हात दोरीला, हनुवटीपर्यंत पाण्यात, आणि गुरासारखा ओरडत राहिला. धारेने छकूला खाली नेलं, दोरीने तिला इकडे वळवलं, आणि शेजारच्या इमारतीच्या कोपऱ्यावर ती आदळली. जार फुटल्याचा आवाज आला. मग सगळ्यांनी मिळून तिला भिंतीच्या कडेकडेने ओढत आणलं.

आत घेतलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. उजवा हात कोपराखाली भलतीकडे वळला होता. बायकोने तिला पालथी घालून पाठीवर थोपटलं, पाणी निघालं. विहीणबाई जिन्यावरून सरपटत आल्या आणि तिचे तळपाय चोळायला लागल्या. बऱ्याच वेळाने छकूने डोळे उघडले आणि विचारलं, "ह्या कुठायत?"

उतरत्या उन्हाच्या वेळी सैन्याची मोठी बोट आली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली. हाताला सळई घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही, सांगता येत नाही. जावई दुसऱ्या दिवशी चिखलातून चालत दवाखान्यात पोचला. घर पडल्याचं त्याला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं.

पाणी ओसरलं. विहीणबाई कवळीवाल्याच्या घरीच राहिल्या, दुसरी जागाच नव्हती. कामाच्या खोलीत घोट्याएवढा गाळ साचला होता. सगळे मिळून तो खरवडत होते. काठी कुणाच्या तरी पायाखाली येऊन आता भलत्याच ठिकाणी मोडली होती. बायकोने ती जुन्या सामानाबरोबर बाहेर नेऊन ठेवली आणि कवळीवाल्याने ती आणली नाही.

तो विहीणबाईंच्या नजरेला नजर देत नव्हता. त्यांच्या ताटात वाढायला सांगायचा, त्यांच्यासाठी गोळ्या आणायचा, पण त्या खोलीत आल्या की ह्याला गच्चीत काहीतरी काम निघायचं. एका दुपारी घरात दोघेच होते. तो विळ्याने फरशी खरवडत होता. त्या दारात खुर्ची ओढून बसल्या.

"ते तुम्ही बोललात," त्या म्हणाल्या.

त्याचा हात थांबला. "विहीणबाई, माझी चूक—"

"खोटं बोलला नाहीत. आदल्या संध्याकाळी आले असते, तर पोरीचा हात शाबूत राहिला असता. ते मला रोज दिसतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पण तुमचं ते बोलणं ऐकू पण येतं मला. पाणी अंगावर घेतलं, की ऐकू येतं. म्हणून माफी मागू नका इतक्यात. मला ती देता यायची नाही, आणि उगाच दिली म्हणून सांगायचं माझ्या जिवावर येईल."

तो गाळात तसाच उकिडवा बसून राहिला.

"बरं," शेवटी तो म्हणाला.

त्या उठल्या नाहीत. तिथेच बसून राहिल्या, आणि तो पुन्हा फरशी खरवडायला लागला.